पिलाताच्या दाराशी

शास्त्रपाठ : मार्क १५:४२-४६, लूक २३:५०-५३



वधस्तंभाजवळची गर्दी पांगली, शिष्य कोठे गेले ते कळेना, आणि संध्याकाळ होऊ लागली तेव्हा शुभवर्तमानात एक नवे नाव येते. त्यापूर्वी ते कोठेही आलेले नाही. अरिमथाईकर योसेफ. हा कोण? मासे धरणारा नव्हे, जकातदारही नव्हे. हा न्यायसभेचा सभासद. आपल्या रोजच्या भाषेत सांगावयाचे तर कमिटीमेंबर. पैशाने बरा, गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे असा. आपल्या पास्टरेट कमिट्यांत, शाळा व वसतिगृहांच्या व्यवस्थापक मंडळांत, ट्रस्टांत जी माणसे बसतात त्यांच्याच पंगतीतला हा माणूस.

चौघाही शुभवर्तमानकारांनी त्याची आठवण ठेविली आहे आणि प्रत्येकाने एकेक गोष्ट अधिक सांगितली आहे. मत्तय म्हणतो, तो धनवान होता. मार्क म्हणतो, तो सभेचा मानाचा सभासद असून देवाच्या राज्याची वाट पाहत होता. लूक सांगतो की सभेने जे ठरविले व केले त्यास ह्याची संमती नव्हती. आणि योहान कोणाची भीड न ठेवता सांगून टाकतो की हा येशूचा शिष्य होता खरा, पण पुढाऱ्यांच्या भीतीने लपून. "संमती नव्हती" हे वाचताना आम्हांस नेहमी एक शंका येते. त्या रात्रीच्या बैठकीत योसेफ उठून बोलला, की मान खाली घालून बसला? ठरावाच्या वहीत त्याचा विरोध नोंदला गेला काय? शास्त्र काही सांगत नाही. संमती नसणे आणि विरोध करणे ह्यांत केवढे अंतर आहे हे कमिटीत बसणाऱ्याला पक्के ठाऊक असते. मनातल्या मनात नाही म्हणावयाचे आणि चहा पिऊन घरी जावयाचे, हे आम्हीही केले आहे.

पण त्या शुक्रवारी हा भित्रा सभासद उठला आणि पिलाताकडे गेला. टांगलेल्याचे प्रेत रात्रभर तसेच राहू नये असे नियमशास्त्र सांगत होते (अनुवाद २१:२२-२३), आणि शब्बाथ तोंडावर आला होता. पुढच्या बैठकीत विषय घेऊ असे तो म्हणाला नाही. हे काम कोणाच्या हातातले आहे हेही त्याने नीट ओळखले. शरीर खाली काढण्याची परवानगी कयफाला देता येत नव्हती, पहाऱ्यावरच्या शताधिपतीलाही नाही. ती सुभेदाराकडूनच मिळावयाची. तेव्हा तो तेथे गेला आणि एकच मागणी केली, स्पष्ट. पिलाताने शताधिपतीला बोलावून चौकशी केली आणि मग हुकूम दिला. (कचेरीची रीत तेव्हाही हीच होती.) ज्याला जिवंतपणी डोके टेकावयास जागा नव्हती (लूक ९:५८) त्याला मेल्यावर जागा मिळाली, ती एका कमिटीमेंबरने सरकारदरबारी जाऊन मागितली म्हणून. योसेफाने आणखीही एक गोष्ट केली, पण तिच्याकडे आपण मागाहून येऊ.

आमचे गाव सीमाभागातले. गेली कित्येक वर्षे नाताळच्या आठवड्यात आमची मंडळी एस्टी स्टँड व रेल्वे स्टेशनाच्या आसपास उघड्यावर निजणाऱ्यांना चादरी वाटते. महिला मंडळ पैसे गोळा करते, तरुण संघ गाडी आणतो, एक गीत होते, प्रार्थना होते. चांगले काम आहे आणि ते बंद पडावे असे आम्ही कधीही म्हणणार नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी, नाताळला तीन आठवडे झाले असतील, आम्ही एका खेड्यातील उपासना आटोपून रात्रीच्या शेवटच्या बसने परतलो. स्टँडच्या भिंतीशी एक म्हातारी बाई कसल्याशा जाहिरातीचे प्लॅस्टिक अंगाभोवती गुंडाळून बसली होती. तिला आम्ही ओळखले. चादर तिला आमच्याच हाताने दिली होती.

"मावशी, चादर कुठं गेली?"

"गाडी आली पहाटे, झाडलोटवाल्यांची. समदं उचललं. ताट बी नेलं." थोड्या वेळाने तिनेच समजूत घातल्यासारखे सांगितले, "तुमचीच न्हाई, त्या शेठनं दिलेली बी नेली."

कोणी मोठा पाहुणा गावात यावयाचा होता, म्हणून रस्ते साफ करण्याची मोहीम होती असे पुढे कळले. कमिटीच्या बैठकीत आम्ही ही हकीकत सांगितली. आमचे खजिनदार मोठ्या मनाचे गृहस्थ आहेत. ते लगेच म्हणाले, "पुढच्या वर्षी पन्नास चादरी जास्त घेऊ." सगळ्यांनी माना डोलावल्या. खरे सांगावयाचे तर आम्हांसही तेच सुचले होते. पाळकसाहेब मात्र वहीत काहीतरी लिहीत होते. त्यांनी वर पाहून विचारले, "ती गाडी कोणाच्या हुकमाने येते?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हां अकरा जणांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. अनेक वर्षे आम्ही चादरी देत होतो, आणि ती गाडी कोणाच्या हुकमाने येते हे कधी कोणी विचारले नव्हते.

इंदूरच्या बंधुभगिनींना २९ जानेवारी २०२१ चा दिवस आठवत असेल. स्वच्छतेत देशात पहिले आलेले ते शहर. त्या दिवशी तेथील महापालिकेच्या गाडीतून काही वृद्ध, निराधार माणसांना शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ हमरस्त्याच्या कडेला थंडीत उतरवून देण्यात येत होते, त्यांच्या बोचक्यांसह. तेथील गावकऱ्यांनी पाहिले, विचारणा केली, चित्रफीत घेतली, आणि त्या माणसांना पुन्हा गाडीत चढवून परत न्यावे लागले. पुढे एका वरिष्ठ अधिकाऱ्याला निलंबित करण्यात आले, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी देवळात जाऊन देवाची क्षमा मागितली. आम्हांस ह्या हकीकतीतले एवढेच सांगावयाचे आहे की ती गाडी परत फिरली ती रस्त्यावरच्या चार माणसांनी हे काय चालले आहे असे विचारले म्हणून. चादरीने माणसाची रात्र निभते, पण चादरीने गाडी फिरत नाही.

ह्या विचारण्याला आपल्या मंडळीत एक जुना, ओळखीचा शब्द आहे : मध्यस्थी. दर रविवारी आपण मध्यस्थीची प्रार्थना करतो. अब्राहाम सदोमासाठी देवाशी किती चिकाटीने बोलला, पन्नासांपासून दहांपर्यंत कसा खाली आला, हे आपण मुलांना शिकवितो. मर्दखयाने एस्तेरला राजाकडे जाण्याविषयी निरोप पाठविला तोही आपणांस पाठ आहे. जो आपण देवापुढे दुसऱ्याची बाजू मांडावयास धजतो, त्याला नगरपालिकेच्या साहेबापुढे ती मांडण्याची लाज का वाटावी? जे स्वतः बोलू शकत नाहीत त्यांच्यासाठी तोंड उघडावे अशी आज्ञा नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात आहे, आणि ती एका आईने राजाला दिली आहे. म्हणजे ज्याच्या हाती अधिकार आहे, ज्याचे नाव लेटरहेडवर छापले आहे, त्याच्यासाठी ती विशेष आहे.

आपल्या मंडळीला हा मार्ग नवा नाही. पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांना आश्रय दिला हे सर्वांस माहीत आहे. पण १८९७ साली पुण्यात प्लेग असताना सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची कशी हेळसांड होते ते त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात उघड लिहिले, सरकारने ते नाकारले, आणि गोष्ट ब्रिटिश पार्लमेंटापर्यंत गेली, हे आपण क्वचितच सांगतो. त्यांना संस्था चालवावयाची होती. सरकारशी वाकडे घेणे त्यांच्या सोयीचे नव्हते.

असो. आमच्या कमिटीत काय झाले ते सांगतो, कारण इतर मंडळ्यांतही थोडेफार असेच होईल. नगरपालिकेस निवेदन द्यावे असा विषय निघाला तेव्हा पहिला आक्षेप आला, "मंडळीने राजकारणात पडू नये." हा आक्षेप हसून सोडून देण्याजोगा नाही. कोणा पक्षासाठी मते मागणे, उमेदवाराला वेदीवरून आशीर्वाद देणे, हे मंडळीचे काम नव्हे आणि धर्मादाय ट्रस्टाला ते शोभतही नाही. पण गाऱ्हाणे मांडणे म्हणजे पक्षाचे राजकारण नव्हे. भारतीय घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येक माणसाला आपले गाऱ्हाणे दूर व्हावे म्हणून केंद्राच्या अथवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे निवेदन देण्याचा हक्क दिला आहे, आणि तो त्या राज्यात किंवा संघराज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत. सीमाभागातील आम्हां मराठी माणसांना हे कलम दुसऱ्या कारणासाठी ठाऊक असते! आम्ही मात्र आमचे निवेदन मराठीत व कानडीत असे दोन्ही भाषांत दिले. स्टँडवर निजणाऱ्यांत दोन्ही भाषांची माणसे आहेत, आणि भाषेच्या भांडणात त्यांचे पांघरूण अडकून राहू नये असे आम्हांस वाटले.

येथे रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायातील सलाफहादाच्या पाच मुलींचा धडा आपण फारसा घेत नाही. बाप वारला, भाऊ नाही, म्हणून त्यांना वतन मिळेना. त्या मोशे, याजक, सरदार आणि सर्व मंडळी ह्यांच्यापुढे दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि जागा मागितली. मोशेने त्यांना गप्प बसविले नाही, त्याने त्यांचे म्हणणे परमेश्वरापुढे नेले. परमेश्वर म्हणाला की मुलींचे खरे आहे, आणि सगळ्या इस्राएलासाठी नियम बदलला. मुलांना ही गोष्ट फार आवडते, विशेषतः मुलींना. आणि नियम हा माणसांनी मागितल्याने बदलू शकतो, देवाला त्याचा राग येत नाही, एवढे जरी त्यांच्या मनात राहिले तरी पुढे मोठेपणी ती कमिटीत बसतील तेव्हा उपयोगी पडेल.

दुसरा आक्षेप अधिक खरा होता आणि तो हळू आवाजात आला. आमच्या मंडळीच्या जागेच्या उताऱ्यावर नाव लागण्याचे प्रकरण त्याच कचेरीत पडून आहे. "आज त्यांना दुखवले तर आपली फाइल तळाला जाईल," असे एका बंधूंनी सांगितले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. योसेफालाही नंतर त्याच न्यायसभेत जाऊन बसावयाचे होते, आणि त्याच्या खुर्चीचे पुढे काय झाले ते शुभवर्तमान सांगत नाही. आमच्या त्या बंधूंनी निवेदनावर सही केली नाही. आजही ते आमचे बंधूच आहेत, दर रविवारी आमच्या मागच्या बाकावर बसतात. जागेचे प्रकरण अजून लोंबकळत आहे. आमच्या सह्यांमुळे की कचेरीच्या सवयीमुळे, हे आम्हांस सांगता येणार नाही.

वादाने कोणाचे मन वळले नाही. वळले ते एका रात्रीच्या फेरीने. ज्यांना इतर सभासदांना ह्या कामात घ्यावयाचे आहे त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की भाषण करू नका, त्यांना रात्री बरोबर न्या. नोव्हेंबरच्या अखेरीस रात्री अकरा वाजता अकरांपैकी सहा जण आलो. स्टँडपासून स्टेशनापर्यंत चाललो आणि एका वहीत कोण कोठे निजले आहे ते लिहीत गेलो. वहीची दोन पाने भरली. भिकारी म्हणून ज्यांच्याकडे आपण पाहतो त्यांत बाजारातले हमाल निघाले, लग्नाच्या हंगामात वाढप्याचे काम करणारे निघाले, हॉटेलात भांडी घासणारा एक पोरगा निघाला, दवाखान्यात रोगी ठेवून बाहेर पायरीवर निजलेले नातेवाईक निघाले. स्टेशनाच्या पुलाखाली पन्नाशीचा एक माणूस उठून बसला आणि आमच्या पाळकसाहेबांचा पांढरा गळपट्टा पाहून म्हणाला, "सलाम साहेब. माझाही बाप्तिस्मा झालेला आहे."

तो कोठला, कोठे शिकला असे विचारता विचारता एका मिशनच्या वसतिगृहाचे नाव निघाले. ते वसतिगृह पुढे बंद पडले. आमचे खजिनदार एकदम खाली बसले, त्याच्या गोणपाटावर. तेही त्याच वसतिगृहात वाढले होते, चारपाच वर्षे आधी. दोघे जण सकाळच्या घंटेविषयी आणि पातळ आमटीविषयी बराच वेळ बोलत राहिले. आम्ही बाकीचे उभेच होतो. त्या रात्रीनंतर निवेदनाचा विषय आम्हांस पुढे ढकलावा लागला नाही. खजिनदारच विचारू लागले, "मसुदा झाला का?"

मसुदा करताना चिटणिसांनी माहिती जमविली, तीतली थोडी येथे देतो, कारण इतरांसही लागेल. २०११ च्या जनगणनेत बेघर लोकांची गणती फेब्रुवारीच्या २८ तारखेच्या एकाच रात्री झाली. देशात सुमारे १७.७ लाख माणसे उघड्यावर आढळली, त्यांपैकी ९.३८ लाख शहरांत. दहा वर्षांपूर्वी शहरांतला आकडा ७.७८ लाख होता. ज्या माणसाला पत्ता नाही त्याची गणती एका रात्रीत किती होत असेल, ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

न्यायालयांचे निर्णय पाहिले तेव्हा आमचा धीर वाढला. १९८१ साली ऐन पावसाळ्यात मुंबईच्या फुटपाथवरील लोकांना उठविण्याचे ठरले तेव्हा ओल्गा टेलिस ह्या पत्रकार बाईंनी व इतरांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांच्या घटनापीठाने निकाल दिला. फुटपाथवर राहण्याचा हक्क त्यांनी मान्य केला नाही, पण जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो आणि माणसाला सूचना दिल्यावाचून उठवू नये, हे त्यात ठरले. पुढे जानेवारी २०१० मध्ये दिल्लीत कडाक्याच्या थंडीत रात्रीचा एक निवारा पाडला गेल्यावर, अन्नाच्या हक्काच्या खटल्यात न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी न्यायालयास एक पत्र लिहिले. खटला धान्याचा होता, पत्र निवाऱ्याविषयी. न्यायालयाने ते मनावर घेतले, आणि त्यातून मोठ्या शहरांसाठी हिशेब निघाला : दर एक लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांची सोय, वर्षभर व दिवसरात्र. २०१३ साली आलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातही हाच हिशेब धरला होता, शिवाय माणशी पन्नास चौरस फूट जागा, आणि निवारा जेथे अशी माणसे गोळा होतात त्या स्टेशन, स्टँड, बाजार ह्यांच्याजवळ असावा, असेही होते. योजनांची नावे बदलत जातात. हिशेब मात्र आपण धरून ठेवावा. २०११ च्या लोकसंख्येने बेळगावास असे सुमारे पाच निवारे लागतात, ग्वाल्हेरीस दहा, वडोदऱ्यास सोळासतरा, इंदुरास वीस. आपल्या गावी किती आहेत, कोठे आहेत, हे माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली साध्या अर्जाने विचारता येते. बहुतेक ठिकाणी दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे असा नियम आहे. आमच्या गावचे उत्तर आले : निवारा एक, मार्केट यार्डाच्या पलीकडे, स्टँडपासून लांब. जाऊन पाहिले तर स्त्रियांच्या खोलीत जुने फलक आणि झाडू भरून ठेवलेले होते.

चिटणीस हे सगळे बैठकीत वाचून दाखवीत असताना एक गोष्ट घडली. जनगणनेत बेघर कोणाला म्हणावे ह्याची व्याख्या आहे : रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, मोठ्या नळ्यांत, पुलाखाली, जिन्याखाली, रेल्वेच्या फलाटावर, उपासनास्थळांच्या उघड्या जागेत राहणारे. "उपासनास्थळांच्या" येथे चिटणीस क्षणभर थांबले आणि मग पुढे वाचू लागले. कोणी काही बोलले नाही. आमच्या उपासनामंदिराला पुढे लांब व्हरांडा आहे. तेथे पावसाळ्यात दहाबारा माणसे निजत. सकाळी घाण राहते, भगिनींना जाताना संकोच वाटतो, अशा तक्रारी आल्या म्हणून कमिटीने ठराव करून त्याला लोखंडी जाळी बसविली होती. ठरावाच्या बाजूने आम्हीही हात वर केला होता.

निवेदन घेऊन आम्ही चौघे गेलो. खजिनदार, पाळकसाहेब, महिला मंडळाच्या चिटणीस बाई आणि आम्ही. दोन वेळा साहेब नव्हते. तिसऱ्या वेळी भेटले. मागण्या तीनच लिहिल्या होत्या : सफाईच्या गाडीने माणसांचे सामान सूचनेवाचून उचलू नये, निवाऱ्यातील स्त्रियांची खोली मोकळी करावी, स्टँडजवळ एक निवारा व्हावा. साहेबांनी कागद पूर्ण वाचला. मग चष्मा काढून अगदी शांतपणे विचारले, "तुमच्या चर्चच्या व्हरांड्याला जाळी कधी बसवली?"

आम्हांस वाटले, आता खजिनदार रागावतील. ते म्हणाले, "गेल्या पावसाळ्याच्या आधी, साहेब. चूक झाली. ती आम्ही बघतो. तुम्ही ही तीन बघा."

आता योसेफाची ती राहिलेली गोष्ट. पिलाताकडून शरीर मागून घेतल्यावर ते त्याने कोठे ठेविले? स्वतःसाठी खडकात खोदविलेल्या नव्या कबरेत (मत्तय २७:६०). ही कबर नसती तर पिलातालाही विचारता आले असते, शरीर नेतोस खरा, पण ठेवणार कोठे? योसेफाने मागितलेही आणि दिलेही. त्याने नुसती कबर देऊ केली असती आणि पिलाताकडे गेला नसता, तर कबर रिकामीच राहिली असती, शरीर वधस्तंभावर. पुष्कळ वर्षे आपण देणारे लोक आहोत, मागण्याची आपणांस लाज वाटते. आणि काही जण असेही असतात की जे मागण्यात पटाईत, पण स्वतःच्या अंगणाचे फाटक लावून घेतलेले. त्या दिवशी साहेबांच्या टेबलापुढे आम्ही ह्या दोन्ही प्रकारचे होतो.

पुढे काय झाले तेही सांगावयास हवे, नाहीतर ही गोष्ट साक्षीसारखी गोड होईल. स्त्रियांच्या खोलीतले फलक निघाले. तेथे आता खाटा आहेत. गाडीविषयी लेखी काही मिळाले नाही, तोंडी आश्वासन मिळाले. त्या डिसेंबरात गाडी आली नाही. फेब्रुवारीत आली. स्टँडजवळच्या निवाऱ्याचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला आहे. खजिनदार दर गुरुवारी जाऊन तो कोठे आहे ते विचारतात. शिपाई आता त्यांना बाकावर जागा करून देतो, आणि कधी कधी त्यांनाच विचारतो की आज तो कागद कोठे असेल. वसतिगृहातला तो माणूस एकदा त्यांच्याबरोबर आला होता आणि साहेबांशी स्वतः बोलला. आम्ही चौघे मिळून जे सांगू शकलो नव्हतो ते त्याने चार वाक्यांत सांगितले : रात्री पोलीस उठवितात, दिवसा काम करताना झोप येते, हमालीत पाय घसरतो, मजुरी तुटते. त्याला आम्ही पहिल्याच भेटीत का नेले नाही, ह्याचे आम्हांस वाईट वाटते.

जाळीवर अडीच तास बैठक झाली. काढून टाकावी असे काही म्हणाले, ठेवावी असे काही. शेवटी ठरले की पावसाळ्यात व थंडीत रात्री नऊला ती उघडावी आणि पहाटे सहाला बंद करावी. पहिल्याच महिन्यात एका सकाळी व्हरांडा घाण झालेला आढळला. महिला मंडळाच्या दोघींनी तो धुतला, आणि त्या रागावल्याही, उघडपणे, पाळकसाहेबांवर. त्यांचे बरोबरच होते. माणसांना निजावयास जागा दिली आणि संडासाला कुलूप ठेविले, असा आमचा कारभार. जाळीची किल्ली खजिनदारांकडे आहे. संडासाच्या किल्लीचा विषय येत्या बैठकीत तिसरा आहे, आणि ज्या बंधूंनी निवेदनावर सही केली नव्हती त्यांनीच तो मांडला आहे. त्या बैठकीसाठी वाचकांनी प्रार्थना करावी अशी विनंती आहे.